घागरीच्या गळ्यातली माळ

माही अन् देवकाबाईची चूल वेगळी झाली ती एका आवळ्यापायी. हसा, हसा! सारं गाव हसलं, तुमचंच काय घेऊन बसले. लोकाइच्या घरात धानाच्या बांधीवरून चुली फुटतात, दागिन्यावरून फुटतात. आमची फुटली आवळ्यावरून, अन् तोही अर्धा खाल्लेला.

देवकाबाई म्हनजे माही जेठानी. नवऱ्याचं नाव घ्याचं नसते, पन तुमाले समजावं म्हनून एकदा घेऊन टाकू द्या: माहा मालक मनिराम, अन् त्याचा मोठा भाऊ उदाराम. त्या उदारामची बायको देवकाबाई. सालेकशाच्या अलीकडे दोन कोसावर आमचं गाव. एक आंगन, एक चूल, एक धानाची ढोली, अन् त्या घरात आम्ही दोघी बाया. तिचं तोंड वाजे, माहं त्याच्याहून जास्त. एकमेकीले चार शब्द सुनावल्याशिवाय आमाले अन्न पचत नसे. पन चूल फुटन, असं कधी वाटलं नोतं.

साल मले आठवत नाई. आमचा भाग नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्साची गोष्ट. माही शामकला तेव्हा नऊ वर्साची. एकुलती एक. देवकाबाईले ती मोठी माय म्हने.

ती दीड वर्साची होती तेव्हा तिचे हातपाय असे फुगले का बोटं दिसत नोती. ते उतरलं. मग ताप. मग गुडघे दुखनं, कंबर दुखनं. अन् डोळे पिवळे. थंडी पडली का हमखास. दुखे तेव्हा पोरगी म्हने, "माय, हाडाच्या आतून कोनी चावून राहिलं." आता हाडाच्या आत कोन चावन, सांगा? मी पाय चेपे, शेक दे, अन् वरतून तिलेच ओरडे, "चूप वो, उगी राहा!" माह्यानं तिचं दुखनं पाहवत नसे म्हनून ओरडे. माहं रडनंही ओरडूनच निघते, स्वभावच तसा.

डोळे पिवळे म्हनजे कावीळ, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालेही माहीत. अन् कावीळ म्हनजे कवडू बुवा.

कवडू बुवा भला मानूस, हे आधी बोलू द्या. कोनाकडून सुपारीचं खांडही घेत नसे. जंगलातून एका वेलाच्या ओल्या काड्या आने, बोटाच्या पेराएवढे तुकडे करे, अन् सुताच्या गाठीत ओवून माळ बांधे. इतकी लहान का डोक्यावर चुंबळीसारखी बसावी. मग ती माळ आपसुकच वाढे. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, मग बेंबीपाशी, मग गुडघ्यापाशी. पायाशी आली का मानसानं तिच्यातून पाय काढून बाहेर पडाचं अन् माळ नाल्यात सोडाची. कावीळ वाहून गेली. माह्या डोळ्यापुढं वाढे ती माळ, दर दिवसाले. खोटी कशी म्हनावं?

पन माळ आंगावर आहे तोवर पथ्य. मीठ नाई, तेल नाई, हळद नाई. हिरवं पान नाई, आंबटाचं तं नावच नाई. पानी घोट घोट. फक्त भाताची पातळ पेज.

आता पथ्य पाळाचं तं रुख्मानं, असं गावात बोलत. रुख्मा म्हनजे मी. घरात भाजी फोडनीले टाकली तं मी पोरीले दूर नेऊन बसवे, तिले वास जाऊ नये म्हनून. पानी पळीनं मोजून दे. शेजारच्या बाया माहं पाहून आपल्या लेकराइले पथ्य लावत. मले त्याचा गर्व होता. होता म्हनजे होता, लपवू कायले?

गोष्ट एवढीच का डोळे काही पांढरे होत नसत. माळ पायाशी येई, नाल्यात जाई, दोन-चार दिवस मी पोरीच्या पापन्या उलटवून पाही, अन् पिवळंच. मग दुसरी माळ. मग तिसरी. दोन साल पोरगी पेजेवर होती, हे मले तेव्हा उमगलंच नाई. मी माळा मोजत होती, सालं नाई.

त्या वर्सी आखाडीले चवथी माळ घातली, अन् काय सांगू, पोरगी उठून उभी राहिली! धानाच्या रोवन्याच्या दिवसात बांधीवर आली, चिखलात खेळली, शाळेत गेली. गालावर मांस आलं. मी कवडू बुवाच्या पायावर डोकं ठेवलं. डोळे तेवढे फिक्के पिवळे होते, म्हनून पाचवी माळ घातली अन् पथ्य चालूच ठेवलं. गावभर सांगत फिरली, "पाहा, पथ्याचा गुन!"

मग आला कार्तिक. धान कापनं चालू होतं. इळ्याची मूठ ढिली झाली म्हनून मी दुसरा इळा घ्याले दुपारीच घरी आली. घरात कोनी नाई. मागच्या सांदवाडीत बोलन्याचा आवाज. जाऊन पाहते तं मुनग्याच्या, म्हनजे तुमच्या शेवग्याच्या, झाडाखाली माही शामकला उकिडवी बसलेली. पुढं रिकामी थाळी, बोटाले हिरवं तेल. एका हातात आवळा, अर्धा खाल्लेला. दुसऱ्या हातावर मीठ. अन् जेवताना आड येऊ नये म्हनून माळ पाठीवर सारून ठेवलेली. बाजूले देवकाबाई, लोट्यानं तिले पानी पाजून राहिली.

माह्या डोक्यात असा भडका उठला का विचारू नका.

"काय देऊन राहिली वो तिले?"

"डोळे फुटले का तुहे? आवळा आहे."

"माळ आहे ना तिच्या आंगावर!"

"माळीनं पोट भरते का वो?" देवकाबाई म्हनली. "पोरगी मांगते अन् तू तिले पान्याले महाग करून ठेवलं. तू माय आहेस का ठानेदार?"

इथवर ठीक होतं. असं आम्ही रोजच बोलत होतो. पन त्याच्यानंतर माह्या तोंडातून जे निघालं, ते निघाले नाई पाहिजे होतं.

देवकाबाईले एक पोरगा होता, दुधराम. मी लग्न होऊन आली त्याच साली तो गेला, सहा वर्साचा. कावीळच होती त्यालेही, कवडू बुवाची माळ त्याच्याही गळ्यात होती. पुढं तिले लेकरू झालं नाई. मी नवी नवरी होती, मले त्या पोराचे पिवळे डोळे तेवढे आठवतात.

मी म्हनलं, "तुहा गेला म्हनून आता माही खाऊन राहिली का वो, डाकीन?"

धानाचे भारे घेऊन येनाऱ्या चार बाया कुंपनापाशी थबकल्या. मी वाट पाहिली, आता ही दहा तोंडानं बोलन, झिंज्या धरन. काही नाई. देवकाबाईनं थाळी उचलली, लोटा उचलला अन् आत चालली गेली. ती बोलली असती तं बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चूल वेगळी केली. आंगनात मधोमध बांबूचा तट्टा उभा केला. दोघं भाऊ एकमेकाकडे पाहत बसले. उदाराम म्हनला, "मनिराम, आवळ्यापायी का गा?" मालक काय बोलन? मालकाचं तोंड देवानं जेवापुरतंच देलं आहे.

मग मी पथ्य असं कसलं का आधीचं काहीच नाई. सांदवाडीकडे जायची बंदी. पोरगी तट्ट्याच्या भोकातून पलीकडे पाहत बसे. मी तिले तिथूनही उठवे.

पौषात थंडी पडली अन् पोरगी आडवी झाली. उजवा गुडघा भोपळ्याएवढा. ताप. डोळे असे पिवळे का हळद फासल्यावानी. ओठ फुटलेले. "माय, पानी." मी पळीभर दे. "आनखी." "नाई बापा, माळ आहे." घराच्या कोपऱ्यात घागर भरून, अन् माही पोरगी कोरडी.

कवडू बुवा आला. सहावी माळ घातली. मी त्याले विचारलं, "बुवा, पथ्य मोडलं तेव्हा पोरगी उड्या मारत होती, अन् पाळून राहिली तं मरून राहिली. हे काऊन?"

बुवानं खूप वेळ डोकं खाजवलं. "मागं मोडलं ना, त्याचा फेर आता उठला असन," म्हनला. मग जाता जाता दारात थांबला अन् स्वताशीच बोलला, "माहा आजा असंच सांगे बाई. मले त्याच्याहून जास्त काही येत नाई." त्याच्या तोंडावर काळजी होती, लबाडी नोती. म्हनूनच माहं डोकं आनखी भंजाळलं.

मालक त्याच आठवड्यात सालेकशाच्या बजारातून आला अन् म्हनला, नागपूरहून डॉक्टर आले आहेत, शाळेत बसून लोकाइचं रक्त पाहून राहिले. मी म्हनलं, "रक्त कायले पाहाले पाहिजे त्याइले? नेऊन विकत असतीन." मालकानं बंडी जुंपली, त्याच्यात धानाची तनीस टाकली, पोरीले चादरीत गुंडाळून उचललं अन् बसवलं. लग्नाले बारा साल झाले होते, त्यानं मले न विचारता केलेलं हे पहिलंच काम. मी मुकाट्यानं बंडीत बसली.

शाळेत एका टेबलावर काचा मांडल्या होत्या. गोंदियाकडचा एक हिंदी बोलनारा मानूस पोरीचं बोट धरून म्हनला, "डरो मत बेटी, चींटी काटे इतनाही." थेंबभर रक्त काचेवर घेतलं, वरून काय तं टाकलं, दुसरी काच दाबली. उद्या या म्हनले. आम्ही नात्यातल्या एकाच्या ओसरीत राहिलो अन् दुसऱ्या दिवशी गेलो.

डॉक्टर तरना होता, जाड चष्म्याचा. मले म्हनला, "बाई, इथे डोळा लावा." दुर्बिनीत पाहिलं. गोल गोल काही तरंगून राहिलं होतं, मसुरीच्या दान्यावानी. अन् त्याच्या मधी मधी वाकडे, टोकदार, धान कापाच्या इळ्याच्या पात्यावानी.

"हे काय जी?"

"हे तुमच्या मुलीचं रक्त. ही कावीळ नाही, बाई. हिचं रक्त असं वाकडं होतं आणि फुटतं. फुटलेल्या रक्ताचा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. वाकडं रक्त बारीक नसांत अडकतं, म्हणून हाडं दुखतात."

"कोनी केलं हे?"

"कोणी केलं नाही. अर्धं तुमच्याकडून आलं, अर्धं यांच्याकडून. अर्धं असलं की माणूस धडधाकट राहतो. हिच्यात दोन्ही अर्धी एकत्र आली."

मालक आपल्या हाताकडे पाहाले लागला, जसं हातावरच लिहिलं असन. मी म्हनलं, "दोन धडधाकट मानसाइचं मिळून बिमार लेकरू? असं कुठं असते का!"

"असतं," तो म्हनला. "आता ऐका. पाणी भरपूर पाजा, तिला तहान लागो न लागो. थंडीत अंग झाकून ठेवा. आणि खाऊ घाला. पालेभाजी रोज. डाळ, तेल, शेंगदाणे. आवळा, लिंबू, जांब, जे मिळेल ते."

"हिरवं?"

"हो."

"आंबट? तेल?"

"हो, हो."

कवडू बुवानं नाई म्हनलेली एकेक वस्तू त्यानं हव म्हनली. एकही सोडली नाई. जसं दोघाइनं मिळून माही मस्करी कराची ठरवलं होतं.

मी म्हनलं, "बरं. हे सारं देलं, तं बरी होईन ना?"

त्यानं चष्मा काढला अन् सदऱ्याले पुसत बसला. "नाही," म्हनला.

"आँ?"

"पूर्ण बरी होणार नाही. याला औषध अजून कोणाकडे नाही. रक्त फुटत राहणार, आणि नवं रक्त करायला शरीराला माल लागतो. तो पेजेतून मिळत नाही. पाल्यात, आवळ्यात जे सत्त्व असतं त्यानं रक्ताची झीज थोडी कमी होत असावी, असं मला वाटतं. किती, ते मला सांगता येत नाही. आम्हीच आत्ता कुठे शिकतो आहोत."

"तुमाले माहीत नाई तं मले कायले सांगता!" मी ओरडली. सारी शाळा पाहाले लागली. मालकानं माहा हात धरला.

डॉक्टर रागावला नाई. रागावला असता तं मी त्याले खोटा ठरवून मोकळी झाली असती. त्यानं उलट विचारलं, "मधल्या काळात ही कधी चांगली होती का?"

"होती ना! आखाडीपासून कार्तिकापर्यंत. कवडू बुवाची चवथी माळ लागू पडली होती."

"तेव्हा काय खात होती?"

"पेज. मी सोता देत होती. एक दिवस तेवढं पथ्य मोडलं."

तेवढ्यात बाकावर निजलेली शामकला बोलली. डोळे मिटूनच बोलली. "मोठी माय भाजी देत होती. मुनग्याची. रोज."

"रोज?" डॉक्टरनं विचारलं.

"हव. अन् लोटाभर पानी."

डॉक्टर माह्याकडे पाहत राहिला. मी भुईकडे.

बंडी घरी येईपर्यंत माह्या डोक्यात नुसता कालवा. आता तुमीच सांगा, काय समजावं मी? पोरगी भाजीनं बरी होती का माळीनं? माळ वाढली, हे खरं. माह्या डोळ्यानं पाहिलं. भाजी खाल्ली, हेही खरं. रक्तात इळे आहेत, तेही आताच पाहून आली. तीन खऱ्या गोष्टी अन् तिन्ही एकमेकीचं तोंड पाहत नाई. आंबट देलं अन् पोरगी मेली, तं माह्या हातानं मेली. नाई देलं अन् मेली, तरी माह्याच हातानं. कवडू बुवाले माहीत नाई, डॉक्टरले माहीत नाई, अन् हात तेवढा माहा!

तीन दिवस मी काहीच केलं नाई. पानी थोडं वाढवलं, पळीचं वाटीवर आनलं. भाजीसाठी हात उठे अन् पुन्हा खाली येई. मालक एकदा मुनग्याची डांग तोडून चुलीपाशी ठेवून गेला. पाला तिथंच सुकला. पोरगी आता रडतही नोती. हाडाच्या आतून चावते, हेही सांगत नोती. लेकरू रडाचं थांबलं म्हनजे काय, ते कोन्या मायले सांगा लागत नाई.

चवथ्या दिवशी सकाळी मी तट्टा बाजूले सारला अन् देवकाबाईच्या दारात गेली. भांडाले गेली का पाय धराले गेली, मलेच माहीत नोतं. तोंड उघडलं तं निघालं भांडनच.

"काऊन देत होती वो तू तिले चोरून? काऊन नाई सांगतलं मले?"

देवकाबाई सूप पाखडून राहिली होती. तिनं मान वर केली नाई. माही नजर गेली तिच्या मागं, पान्याच्या घागरीवर. घागरीच्या गळ्यात कवडू बुवाची माळ. गळ्यातून निघून पोटावरून लोंबून भुईले टेकलेली.

"हे काय वो?"

"माळ."

"ते दिसून राहिलं. घागरीले कायले घातली?"

"तू तट्टा बांधला त्या दिवशी बुवाकडून मांगून आनली. म्हनलं, माहेच डोळे पिवळे झाले. तेव्हा घागरीच्या गळ्यात घट्ट बसत होती. काड्या सुकतात, बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात. पाहा, कुठवर आली ते."

मी पाहत राहिली. मले खरंच समजेना. माह्या तोंडून काय निघावं? "घागरीले कावीळ झाली होती का वो?"

देवकाबाई हसली. मलेही हसू फुटलं, ते अर्ध्यातच रडनं झालं. मी तिथंच दारात बसली. सहा माळा! सहा माळा मी पोरीच्या आंगावर मोजल्या अन् त्या सुकून राहिल्या होत्या. माह्या पोरीबरोबर सुकून राहिल्या होत्या.

"हे तू आधी काऊन नाई केलं?" मी म्हनलं. "दुधरामच्या वेळी?"

नाव निघालं अन् मी जीभ चावली. पन तिनं सूप खाली ठेवलं.

"दुधरामच्या वेळी मी तुह्याहून कडक होती," ती म्हनली. "तू आता करतेस ना, भाजीचा वास जाऊ नये म्हनून दूर नेऊन बसवनं, ते मलेच पाहून शिकलीस. आठवत नसन तुले. पावसाळ्याचे दिवस होते. मी आपल्यासाठी तरोट्याची कवळी भाजी चुलीवर टाकली होती. त्याले वास गेला. म्हनला, माय, एक घास. मी म्हनलं, राजा, माळ पायाशी येऊ दे, मग थाळीभर देईन." तिनं सुपातला एक खडा वेचून फेकला. "दुसऱ्या दिवशी त्याले भुईवर निजवला तेव्हा माळ घसरून पायाशी आली. उभा असता तं गुडघ्यापर्यंतच आली असती."

माह्यानं तिच्याकडे पाहवेना. डाकीन म्हनलं होतं मी हिले. चार बायाइच्या पुढं.

"मग मले सांगाचं होतं ना, बाई."

"काय सांगू? भाजीनं बरं होते म्हनून सांगू? मले कुठं माहीत होतं! मी तिले बरी कराले देतच नोती, रुख्मा. तिनं मांगतली म्हनून देली. आता कोन्या लेकरानं मांगतलं अन् मी नाई म्हनावं, ते माह्यानं होतच नाई."

तुमी विचाराल, मग झाली का शामकला बरी? नाई झाली. डॉक्टर खरं बोलला होता. थंडी आली का अजूनही एखादा सांधा धरते, अन् डोळे तिचे पिवळे ते पिवळेच. पन ते दुखनं उतरलं, अन् आखाडीले ती पुन्हा चिखलात उतरली. भाजीनं का, पान्यानं का, का त्याची वेळच झाली होती, मी सांगू शकत नाई. कोनी छाती ठोकून सांगाले आलं तं मी त्याच्याशी भांडते. तट्टा आम्ही चुलीत घातला.

पन त्या सकाळचं सांगाचं राहिलंच.

देवकाबाईनं शिंक्यावरून आवळे काढले अन् माह्या हातात देले. सोता घागर उचलली. आम्ही दोघी शामकलापाशी गेलो. मी तिच्या आंगावरची माळ तोडली, आवळा चिरला, मीठ लावलं अन् फोड तिच्या तोंडापाशी नेली. पोरीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. माह्या चेहऱ्याकडे पाहिलं, भिऊन पाहिलं. मग माह्या मागं उभ्या देवकाबाईले हळूच म्हनली, "मोठी माय, खाऊ?"

"मले काय विचारतेस वो," देवकाबाई म्हनली. "तुही माय देऊन राहिली ना."

तेव्हा तिनं फोड घेतली. हळू हळू चावली, आंबटानं डोळे मिटले, मग पानी मांगतलं. मी सवयीनं पळी उचलली, अन् ठेवून देली. देवकाबाईनं घागर वाकवली तशी घागरीच्या गळ्यातली माळ भुईवर घासली, अन् मी अख्खा लोटा भरून घेतला.

पोरगी पीत गेली. मधीच थांबून म्हनली, "माय, पानी गोड लागून राहिलं."

आवळ्यावर पानी गोड लागतेच, ते सगळ्याइले माहीत आहे. माह्या पोरीले माहीत नोतं.

"पी," मी म्हनलं, अन् दुसरा लोटा भरला.